लास्ट टच कुणाचा? बास्केटबॉलमधलं आऊट नीट समजून घेऊ

आमच्या कोर्टावर फाउलवरून जेवढी भांडणं होतात, त्याच्या दुप्पट आऊटवरून होतात. बॉल साइडलाइनच्या पलीकडे गेला रे गेला की दोन्हीकडच्या पाच-पाच जणी एकाच वेळी आपापल्या दिशेला हात करतात आणि "मॅडम, लास्ट टच तिचा!" म्हणून ओरडतात. बाहेर बसलेले पालकही त्यात सूर मिसळतात. मी मुलींना शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी शालेय सामन्यांना शिट्टी घेऊन उभी असते, म्हणून हे दोन्ही बाजूंनी बघते. भांडणाऱ्यांतल्या निम्म्याजणींनी नियम कधी वाचलेलाच नसतो. ऐकीव माहितीवर भांडतात आणि त्या नादात डिफेन्सला परत पळायचं विसरतात.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या शालेय, जिल्हा आणि राज्य स्पर्धा फिबाच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळल्या जातात, म्हणून मीही तेच धरून चालले आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, काही गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातल्या कामाच्या तेवढ्या मध्येमध्ये येतील.

पहिली गोष्ट रेघेची. बास्केटबॉलमध्ये हद्दीची रेघ बाहेरची असते. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, आणि हे माप रेघेच्या आतल्या कडेपासून घेतात. रेघ ५ सेंटिमीटर जाडीची असते आणि ते पाचही सेंटिमीटर कोर्टात धरत नाहीत. व्हॉलीबॉल किंवा टेनिस खेळून आलेल्या मुलींचा इथे हमखास घोळ होतो, कारण तिथे रेघेवर पडलेला बॉल आत असतो. इथे बॉल रेघेला लागला की आऊट. बॉल हातात असताना बुटाचं टोक रेघेला लागलं तरी आऊट. "अर्धा पाय आत होता" याला काही अर्थ नाही. अर्धा पाय बाहेर असला की माणूस बाहेर.

दुसरी गोष्ट हवेची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच आहेत. फुटबॉलमध्ये पूर्ण बॉल रेघेपलीकडे गेला की तो हवेत असला तरी बाहेर. बास्केटबॉलमध्ये तसं नाही. बॉल साइडलाइनच्या दोन फूट पलीकडे हवेत असेल, पण अजून कशालाही लागला नसेल, तर तो जिवंत आहे. बाहेरची जमीन, बाहेरची भिंत, खुर्ची, बाहेर उभं असलेलं माणूस, यातल्या कशाला तरी तो लागला की मगच शिट्टी. त्यामुळे बॉल बाहेर चाललाय असं दिसताच हात खाली टाकणाऱ्या मुलीवर मी वैतागते. अजून अर्धा सेकंद असतो, आणि तेवढ्यात बॉल वाचवता येतो.

वाचवायचा कसा, तर आत पाय टेकवून उडी मारायची आणि बाहेर जमिनीला लागण्याआधी बॉल आत मारायचा. नियम असा आहे की हवेत असलेल्या खेळाडूची जागा म्हणजे तिचा पाय शेवटचा जिथे जमिनीला लागला ती जागा. आतून उडी मारली असेल तर शरीर रेघेच्या कितीही पलीकडे तरंगत असलं तरी ती आतच. बॉल सोडल्यावर ती बाहेरच्या खुर्च्यांवर जाऊन आदळली तरी चालतं. याच्या उलट, पाय बाहेर पडलेला असताना तिथूनच उडी मारून कोर्टाच्या वर हवेत बॉल पकडला, तर आऊट. बॉल कोर्टावर होता, पण ती बाहेरून आली होती.

क्रिकेटच्या सीमारेषेवरच्या झेलाचा विचार केला की हे मुलांना पटकन कळतं. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलच्या शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल घेतला. आत पकडला, तोल जाताना बॉल वर उडवला, दोरीपलीकडे पाऊल टाकलं आणि आत येऊन पुन्हा पकडला. पाय बाहेर असताना हातात बॉल नव्हता, हेच त्या झेलाचं मर्म. बास्केटबॉलमध्येही बाहेर जाणं हा गुन्हा नाही. बाहेर असताना बॉलला लागणं हा गुन्हा आहे. झोकात बाहेर गेलेली खेळाडू परत येऊन बॉलला सगळ्यात आधी हात लावू शकते. त्यासाठी दोन्ही पाय आत पाहिजेत असंही नाही. एक पाय आत टेकला आणि शरीराचं काहीही बाहेर टेकलेलं नसलं की ती आत आली.

एनबीएतला एक प्रसंग मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते. १८ जून २०१३, फायनलचा सहावा सामना, मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स. मायामी तीन गुणांनी मागे. लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकतो, क्रिस बॉश रिबाउंड म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल घेतो, आणि रे ॲलन खाली न बघता उलट पावलांनी उजव्या कोपऱ्यात जातो. पास येतो, तो उडतो, ५.२ सेकंद उरलेले असताना सामना ९५-९५. लोक त्या शॉटबद्दल बोलतात, मी त्याच्या पायांबद्दल बोलते. कोपऱ्यात थ्री-पॉइंटची रेघ आणि साइडलाइन यांच्यात एनबीएत ३ फूट जागा असते. आपल्या फिबाच्या कोर्टावर ९० सेंटिमीटर. मोठ्या माणसाचा बूट तीसेक सेंटिमीटरचा. तेवढ्या पट्टीत मागे-मागे येऊन थांबायचं, पुढे रेघेला पाय लागला तर दोनच गुण, मागे लागला तर आऊट. ॲलन ही पावलं सरावात घोटायचा. आमच्या मुली कोपऱ्यात शॉट मारतात तेव्हा मी बॉल न देताच त्यांना आधी नुसतं मागे चालून थांबायला लावते, नजर रिंगवर ठेवून. त्यांना कंटाळा येतो. तरी ते करायलाच लावते.

आता मूळ भांडणाकडे. बॉल बाहेर गेला, तर थ्रो-इन, म्हणजे रेघेबाहेरून बॉल आत फेकण्याची संधी, कुणाला? बाहेर जाण्याआधी ज्या खेळाडूचा बॉलला शेवटचा स्पर्श झाला, तिच्या विरुद्ध संघाला. स्पर्श तिने केला की बॉल येऊन तिला लागला, याने फरक पडत नाही. हात असो, गुडघा असो, पाठ असो. जोर कुणी लावला हेही नियम विचारत नाही.

यातून एक चतुर आणि पूर्ण कायदेशीर डाव निघतो. बॉल वाचवायला हवेत गेलात आणि आपली कुणीच दिसत नाही, तर तो जवळच्या डिफेंडरच्या पिंढरीवर मारा. तिला लागून बाहेर गेला की थ्रो-इन तुमचा. पायावर मारायचा, हलकेच. तोंडाच्या रोखाने दणका दिलात तर कुठलाही रेफरी त्याला खेळ म्हणणार नाही. आणि कधीही स्वतःच्या रिंगखाली आंधळेपणाने फेकू नका. तिथून समोरच्यांना फुकटचा बास्केट मिळतो, त्यापेक्षा बॉल बाहेर गेलेला परवडला.

दुसरा बारकावा रेघेवर उभ्या राहणाऱ्या डिफेंडरचा. साइडलाइनला दोघींनी मिळून एकीला कोंडताना एकीचा पाय रेघेवर जातोच. बॉल हातात असलेल्या मुलीचा खांदा तिला लागला तर काही बिघडत नाही, कारण दुसऱ्या खेळाडूला लागण्याने कुणी आऊट होत नाही. पण बॉल तिला लागला तर? ती बाहेर आहे, बॉल बाहेरच्या खेळाडूला लागला, आऊट तिच्यामुळे झालं. थ्रो-इन कोंडलेल्या मुलीच्या संघाला. हे माहीत असलेली मुलगी अडकल्यावर घाबरत नाही, खाली बघते आणि समोरचीचा पाय कुठे आहे ते टिपते. उलट बाजूने, तुमचा ड्रिबल उसळून बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूच्या गुडघ्याला लागला तर आऊट तुमच्या नावावर. बाक त्यांचा असला तरी.

सगळ्यात चिवट वाद बोटांचा असतो. डिफेंडर बॉलवर जोरात चापट मारते, बॉल बाहेर जातो, सगळ्यांना दिसतं की तिनेच घालवला. पण निघता निघता बॉल ड्रिबल करणारीच्या बोटांना घासून गेलेला असतो. नियमाने शेवटचा स्पर्श तिचाच, म्हणजे बॉल डिफेन्सचा. उघड्या डोळ्यांना हे फार क्वचित दिसतं, म्हणून शाळेच्या सामन्यात बॉल बहुतेक वेळा आक्रमणाकडे राहतो. मोठ्या सामन्यांत स्लो मोशनमध्ये ते घासणं दिसतं आणि निर्णय उलटतो. एनबीएत २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकांना असा निर्णय तपासायला लावता येतो, फिबाच्या नियमांत ही सोय २०२२ मध्ये आली. आपल्याकडे कॅमेरे नाहीत. तेव्हा रेफरीला दिसलं ते खरं, आणि वाद घालण्याऐवजी डिफेन्सला उभं राहणं शहाणपणाचं.

रेफरीलाही दिसलं नाही तर, किंवा दोघींचा हात एकदम लागला तर? दोन्ही अंगठे वर होतात आणि टेबलावरचा पझेशनचा बाण ज्या दिशेला असेल त्या संघाला बॉल मिळतो. सामन्याच्या सुरुवातीच्या जंप बॉलनंतर, म्हणजे रेफरी दोघींच्या मध्ये बॉल वर उडवतो त्यानंतर, ज्यांना बॉल मिळाला नाही त्यांच्या बाजूने पहिला बाण असतो, आणि तो वापरला की फिरतो. एनबीएत अशा वेळी त्या दोघांची खरोखरची जंप बॉल होते, म्हणून टीव्ही बघणारी मुलं आपल्याकडेही तीच मागतात. छोट्या स्पर्धांत यंत्र नसतं, टेबलावर पुठ्ठ्याचा बाण असतो. कॅप्टनने अधूनमधून त्याकडे नजर टाकायला हवी. बाण आपला असेल तर अडकलेल्या बॉलला घट्ट धरून ठेवण्यात फायदा आहे, नसेल तर लवकर सोडवण्यात.

बॅकबोर्डचं थोडक्यात सांगते. पुढची बाजू आणि चारही कडा आत. मागची बाजू आणि त्याला धरणारा सांगाडा बाहेर. कोर्टावर उभ्या रेफरीला बॉल लागला तर तो जमिनीला लागल्यासारखा, खेळ चालू. कोर्टाच्या वर लोंबणाऱ्या कुठल्याही वस्तूला लागला तर आऊट. हे शेवटचं कलम आपल्या उघड्या कोर्टांसाठी फार महत्त्वाचं आहे. गुलमोहराची फांदी, दिव्याची वायर, मागच्या वर्षीच्या मांडवाची राहिलेली दोरी, सगळं त्यात आलं. उंच पास फांदीला लागून खाली मैत्रिणीच्या हातात पडला तरी आऊट, आणि बॉल समोरच्यांचा.

हे क्षुल्लक वाटत असेल तर १५ एप्रिल १९६५ चा बोस्टन गार्डनमधला सामना बघा. ईस्टर्न विभागाच्या फायनलचा सातवा सामना, बोस्टन सेल्टिक्स फिलाडेल्फियाविरुद्ध ११०-१०९ ने पुढे, पाच सेकंद शिल्लक, थ्रो-इन बोस्टनचा. नुसता बॉल आत द्यायचा होता. बिल रसेलने फेकलेला बॉल बॅकबोर्डला आधार देणाऱ्या तारेला लागला. आऊट, बॉल फिलाडेल्फियाचा, तेही बोस्टनच्या रिंगजवळ. मग हॅल ग्रीअरने आत फेकलेला पास जॉन हॅवलिचेकने तोडला आणि बोस्टन वाचलं. रसेलसारख्या खेळाडूवर ही वेळ आली, ती एका तारेमुळे.

म्हणजे थ्रो-इन ही विश्रांती नाही, तो खेळातला सगळ्यात नाजूक क्षण आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला तेव्हा १३ नियम लिहिले होते. त्यातल्या नवव्यात असं होतं की बाहेर गेलेला बॉल ज्याच्या हाताला आधी लागेल तो आत फेकेल. साहजिकच बॉलमागे दोन्ही संघ बाहेर धावायचे आणि ढकलाढकल व्हायची. पुढे तो नियम बदलून शेवटच्या स्पर्शाचा हिशेब आला. पण त्याच नवव्या नियमातले फेकणाऱ्याला दिलेले पाच सेकंद आजही तसेच आहेत.

तर हे पाच सेकंद. रेफरीने बॉल हातात दिला की मोजणी सुरू. बॉल जिथून बाहेर गेला त्याच्या जवळूनच फेकायचा, फक्त बरोबर बॅकबोर्डच्या मागून नाही. आडवं सरकायला एकूण १ मीटर मिळतं, मागे मात्र जागा असेल तितकं जाता येतं. मागे जाणं मुली विसरतात. उंच डिफेंडर समोर हात पसरून उभी असली की त्या जागच्या जागी उड्या मारत राहतात. दोन पावलं मागे या, लगेच कोन मोकळा होतो. पाय रेघेवर टेकला तर चालतो, कारण रेघ बाहेरचीच आहे. रेघ ओलांडून बॉलसकट आत पाऊल टाकलं तर बॉल गेला. फेकलेला बॉल कुणालाही न लागता पलीकडे बाहेर गेला तर समोरच्यांना थ्रो-इन मिळतो आणि तोही तुम्ही फेकला होता त्याच जागेवरून. म्हणून आमच्या रिंगजवळच्या थ्रो-इनला मी लांब, उंच पास करू देत नाही.

बास्केट झाल्यावरचा थ्रो-इन वेगळा. तेव्हा बेसलाइनच्या म्हणजे रिंगमागच्या रेघेच्या मागे हवं तितकं पळता येतं, मागेच उभ्या मैत्रिणीला पासही देता येतो. पाच सेकंद मात्र पहिलीच्या हातात बॉल आल्यापासूनच मोजतात. बाहेर बॉल गेल्यावरच्या थ्रो-इनला हे स्वातंत्र्य नाही. एका जागेवरून मिळालेल्या बॉलसह बेसलाइनवर पळत सुटणाऱ्या मुली मी दर स्पर्धेत बघते. हातात बॉल येण्याआधी रेफरीला विचारायला काहीच हरकत नाही, "सर, पळू शकते का?" चांगला रेफरी सांगतो.

डिफेंडरने थ्रो-इनच्या वेळी रेघेपलीकडे हात घालायचा नाही. एकदा ताकीद मिळते, पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत रेफरी आधीच इशारा करून ठेवतो, मग थेट शिक्षा. आणि हे लक्षात ठेवा: बाहेर २ मीटर मोकळी जागा नसेल तर डिफेंडरने फेकणारीपासून किमान १ मीटर लांब राहायचं असतं. आपल्या कितीतरी शाळांत बेसलाइनच्या मागे हातभरावर भिंत असते नाहीतर मोटारसायकली लावलेल्या असतात. तिथे समोरची नाकाला नाक लावून उभी राहिली तर कॅप्टनने रेफरीकडे नम्रपणे हे अंतर मागावं. तो तुमचा हक्क आहे.

डिफेंडरने पाठ फिरवली असेल तर एक डाव आहे. बॉल तिच्या पाठीवर हलका आपटायचा, झटकन आत यायचं, परत आलेला बॉल उचलून ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट. फेकणारीला बॉल दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय परत हात लावता येत नाही. इथे तो डिफेंडरला लागलेला असतो, त्यामुळे सगळं नियमात बसतं. फक्त बॉलला हात लागण्याआधी पाय आत टेकलेला हवा.

थ्रो-इन घेणारीनेही जागच्या जागी वाट बघायची नसते. २६ मे १९८७ ला डेट्रॉइटच्या आयझेया थॉमसने पाच सेकंद उरलेले असताना घाईने बॉल आत फेकला. घेणारा बिल लॅम्बीअर बॉलकडे पुढे आला नाही आणि बोस्टनचा लॅरी बर्ड मध्ये घुसला. बॉल तोडल्यावर बर्डचा झोक थेट बेसलाइनबाहेर चालला होता. त्याने एका पायावर तोल सावरला, वळला आणि रिंगकडे धावणाऱ्या डेनिस जॉन्सनला पास दिला. बोस्टन १०८-१०७. त्याच्या बुटाचं टोक रेघेला लागलं असतं तर बॉल परत डेट्रॉइटला मिळाला असता आणि सामना जवळजवळ संपला असता. हा व्हिडिओ बघताना बॉल सोडा, पाय बघा.

घड्याळाचं एवढंच. डिफेन्सने बॉल बाहेर घालवला तर शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ पुन्हा पूर्ण होत नाही, उरलेल्या वेळापासून पुढे चालतं. ४ सेकंद उरले असतील तर थ्रो-इननंतर ४ सेकंदांतच शॉट घ्यायचा. खेळाचं घड्याळ बॉल फेकल्यावर सुरू होत नाही, आतल्या खेळाडूला तो लागल्यावर सुरू होतं. आणि क्वार्टर संपायला ०.३ सेकंद किंवा जास्त उरले असतील तरच पकडून शॉट मारता येतो. ०.२ किंवा ०.१ असतील तर बॉल हवेतच रिंगकडे टॅप करावा लागतो, नाहीतर थेट डंक.

सामन्याआधी वॉर्म-अपला जाताना कोर्टाची एक फेरी मारा. आपल्याकडे एकाच सिमेंटवर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन आणि बास्केटबॉल अशा तीन रंगांच्या रेघा असतात, काही ठिकाणी साइडलाइन पुसलेली असते. आपली रेघ कुठली ते रेफरीला विचारून घ्या. भिंत किती जवळ आहे, वर फांदी किंवा वायर कुठे आहे, रेघेजवळ वाळू साचून पाय घसरतो का, ते बघा. दोन्ही कोपऱ्यांत मागे पावलं टाकून बघा. मग शूटिंग सुरू करा.